बालवाडीतली जपानी: परदेशी घरातलं मूल ती कशी उचलतं

नोकरीनिमित्त जपानला निघालेल्या मराठी घरात सामानाची यादी व्हायच्या आधी एक काळजी सुरू होते. पोरगी साडेतीन वर्षांची, जपानीचा गंधही नाही. शाळेत तहान लागली, शू लागली तर सांगणार कशी? काळजी रास्त आहे. पण तहान आणि शू या गोष्टी तिथल्या शिक्षिका मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखतात, आणि खेळण्याबोलण्यापुरती जपानी मूल शाळेतून उचलतंच. माझ्या मते खरी काळजी पुढची आहे. ती पहिली-दुसरीनंतर उभी राहते. तिची तयारी मात्र या बालवाडीच्या वर्षांतच करावी लागते, आणि त्यातली बरीचशी घरी, मराठीतून. असं का, ते कळायला आधी तिथली बालवाडी चालते कशी ते पाहू.

जपानमध्ये पहिलीच्या आधी मुलाला घालायच्या जागा मुख्यतः दोन. होइकुएन आणि योचिएन. होइकुएन म्हणजे आपल्याकडचं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. तिथे अगदी तान्ह्या बाळापासून पहिलीत जाईपर्यंतची मुलं असतात, दिवसाला ११ तासांपर्यंत ठेवता येतं, पण आईवडील दोघेही कामावर असल्याचं किंवा तसंच सबळ कारण दाखवावं लागतं. अर्ज शाळेत द्यायचा नसतो, तो वॉर्ड किंवा नगरपालिकेच्या कचेरीत जातो. तिथे घरच्या परिस्थितीला गुण देतात आणि गुणांप्रमाणे जागा मिळते. योचिएन तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असते, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि रोज साधारण चार तास भरते. या दोन्हींचं काम एका छताखाली करणारी कोदोमोएन २००६पासून सुरू झाली. ऑक्टोबर २०१९पासून तीन ते पाच वर्षांच्या वर्गांची फी सरकार भरतं. होइकुएनला पूर्ण, योचिएनला महिना २५,७०० येनपर्यंत. जेवण, बस, गणवेश यांचा खर्च वेगळा. तिथे रीतसर राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनाही हीच सवलत आहे.

शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि होइकुएनच्या एप्रिलच्या जागांचे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडावरच घेतले जातात. जानेवारीत पोहोचून चौकशी केली तर बहुतेक वेळा उरलेल्या जागांवर समाधान मानावं लागतं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येतं, तेही परवानगी काढून. होइकुएनसाठी महिन्याला किमान किती तास काम हवं हे प्रत्येक पालिका ठरवते, त्यामुळे हे गणित आपल्या पालिकेत जाऊनच मांडावं. घरी असणाऱ्या आईबापांच्या सहा महिन्यांपुढच्या आणि तीन वर्षांखालच्या मुलांना महिन्यातून थोडे तास पाठवता यावं अशी तरतूद २०२४च्या कायद्याने झाली. ती एप्रिल २०२६पासून देशभर लागू करायचं ठरलं.

होइकुएनमधल्या मुलाच्या कानावर जपानी दिवसाचे आठ-नऊ तास पडते, योचिएनमध्ये त्याच्या निम्मी. पण निव्वळ तासांपेक्षा मला एक वेगळा आकडा महत्त्वाचा वाटतो. होइकुएनच्या नियमांप्रमाणे तान्ह्या बाळांच्या वर्गात तीन बाळांमागे एक शिक्षिका असते, एक-दोन वर्षांच्या वर्गात सहांमागे एक. तीन वर्षांच्या वर्गात हा आकडा पंधरावर जातो आणि चार-पाच वर्षांच्या वर्गात पंचवीसवर. २०२४पर्यंत तर तो तीस होता. म्हणजे दीड वर्षांचं मूल भाषा घेतं ती मांडीवर बसून, एका मोठ्या माणसाच्या तोंडून. डायपर बदलताना, भरवताना, पुन्हापुन्हा तीच वाक्यं ऐकत. पाच वर्षांचं मूल मात्र ती घेतं इतर चोवीस पोरांकडून. म्हणून वयाप्रमाणे भाषा शिकवणारे बदलतात, आणि शिकण्याची तऱ्हाही.

वाळूचा खड्डा

जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २०१७ साली सुधारलेला आणि २०१८पासून लागू झालेला बालशिक्षणाचा आराखडा पाहिला तर त्यात पाच क्षेत्रं आहेत: आरोग्य, माणसांशी नातं, परिसर, भाषा आणि अभिव्यक्ती. भाषा त्यातलं एक. तिचा तास नसतो, पाठांतर नसतं, अक्षरं गिरवून घेणं सक्तीचं नसतं. आपल्याकडची पालकमंडळी इथेच गडबडतात. दोन महिने झाले, वहीत काही नाही, मग शाळेत शिकवतात काय?

शिकवतात ते वाळूच्या खड्ड्यात. चार पोरं बोगदा खणत बसलेली आहेत. नवं मूल जवळ येऊन उभं राहतं. शिक्षिका त्याच्या शेजारी उकिडवी बसते आणि त्याच्या वतीने म्हणते, "इरेते." म्हणजे मला घ्या ना खेळायला. पोरं वर न बघता एका सुरात म्हणतात, "ईयो." चालेल. मूल आत. मग लाल फावडं हवं असतं. "काशिते." दे ना जरा. पुन्हा "ईयो", किंवा "आतो दे ने", नंतर हं. घसरगुंडीपाशी "जुन्बान", म्हणजे आपापल्या पाळीने. ढकलाढकली झाली तर "गोमेन ने" आणि त्यावर पुन्हा तेच "ईयो". सगळ्या जपानभर या छोट्या सवालजवाबांचा साचा ठरलेला आहे. जपानी मुलंही ते असेच शिकलेली असतात. परदेशी घरातल्या मुलासाठी हे वरदान आहे. पाच-सहा शब्दांच्या भांडवलावर त्याला खेळात शिरता येतं, वस्तू मागता येते, भांडण मिटवता येतं. आणि खेळात शिरलं की पुढची भाषा आपोआप कानावर पडत राहते.

सुरुवातीला मूल "काशिते" हा अख्खा शब्द एक आवाज म्हणून उचलतं. त्यात क्रियापद कुठलं आणि प्रत्यय कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मग "मिते", बघ. "किते", ये. "मात्ते", थांब. अशी ढिगाने वाक्यं ऐकल्यावर डोक्यात कुठेतरी जुळणी होते की शेवटी "ते" आलं की समोरच्याला काही करायला सांगितलं जातंय. कोणी नियम सांगितलेला नसतो. नियम डोक्यात तयार झाल्याची खूण काय, तर चुका. जपानीत लाल फूल म्हणजे "आकाइ हाना". मुलं बराच काळ "आकाइ नो हाना" म्हणतात. "नो" म्हणजे आपला चा-ची-चे. आईची पिशवी, माझा डबा यात तो लागतो, म्हणून मूल तो लाल फुलालाही लावून टाकतं. ही चूक जपानी मुलंही करतात. चांगली शिक्षिका ती दुरुस्त करत नाही. ती नुसतं म्हणते, "सो दा ने, आकाइ हाना दा ने." हो ना, लाल फूल आहे ना. बरोबर रूप मुलाच्या कानावर पडतं आणि त्याचा हिरमोडही होत नाही. घरी मराठीसाठीही हीच रीत वापरून पाहावी, फार उपयोगी पडते.

मोजायचे शब्द घ्या. पुण्यात जपानीच्या क्लासला जाणाऱ्यांना विचारा, पहिल्या परीक्षेआधी सगळ्यात जास्त कशाने छळलं. लांबट वस्तू मोजायची एक तऱ्हा, सपाट वस्तूंची दुसरी, लहान प्राण्यांची तिसरी, आणि आकड्याप्रमाणे उच्चारही बदलतो. पेन्सिली असतील तर इप्पोन, निहोन, सान्बोन. कागद असतील तर इचिमाइ, निमाइ, सान्माइ. मोठी माणसं हे तक्ते घोकतात. बालवाडीतलं मूल ओरिगामीचे कागद वाटतं. प्रत्येकाला दोन, "निमाइ". एकाला तीन गेले तर समोरचा ओरडतो, "सान्माइ दा यो!" हात, डोळे आणि कान एकाच वेळी कामाला लागलेले असतात, म्हणून ते मुरतं.

आणखी एक प्रथा मला मनापासून आवडते. तोबान, म्हणजे त्या दिवशीची पाळी. जेवणाआधी पाळीचं मूल सगळ्यांसमोर उभं राहून म्हणतं, "ते ओ आवासेते कुदासाइ," हात जोडा. सगळे हात जोडतात आणि एकत्र "इतादाकिमास" म्हणून जेवायला सुरुवात करतात. खेळातली भाषा एकेरी, बिनधास्त. तोबानचं वाक्य आदबीचं. जपानीत या दोन पातळ्यांमध्ये मोठं अंतर आहे आणि पुस्तकातून शिकणाऱ्यांना कुठे कोणती वापरायची हे कळायला वर्षं जातात. इथे चार वर्षांच्या मुलाला ते जागेवरून कळतं: वाळूत हे, सगळ्यांसमोर ते. शिवाय लाजऱ्या मुलालाही पाळी आली की एक पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायची हक्काची संधी मिळते, आणि वाक्य ठरलेलं असल्याने फजितीची भीती नसते.

गप्प बसण्याचे महिने

घरी अखंड बडबडणारं मूल शाळेत कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने तोंडच उघडत नाही. आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. पण नव्या भाषेत जाऊन पडलेल्या लहान मुलांमध्ये हा काळ सर्रास दिसतो. मूल त्या काळात बघत असतं, इतरांच्या मागे मागे करत असतं, हातांच्या खेळाची गाणी असली की ओठ मिटून हात मात्र बरोबर हलवत असतं. मग एके दिवशी घरी, आंघोळ करताना, ते अख्खं गाणं म्हणून दाखवतं. या काळात "बोल ना, सेन्सेईला सांग ना" असा धोशा लावू नये. गप्प मुलाकडे सूचना पोहोचताहेत का, ते खेळात सामील होतंय का, एवढं पाहावं.

मग चिंता कधी करायची? घरी मराठीतही शब्द वाढत नसतील, हाकेला लक्ष देत नसेल, किंवा शाळेत नुसतं गप्प न राहता सतत घाबरलेलं असेल तर. जपानमध्ये दीड आणि तीन वर्षांच्या मुलांची आरोग्य तपासणी पालिका मोफत करते. तिथे विकासाबद्दलही विचारतात. घरी मराठी बोलतो हे तिथे आवर्जून सांगा आणि मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायला सांगा. तीस शब्द मराठी आणि वीस जपानी येणाऱ्या मुलाकडे पन्नास शब्द आहेत. फक्त जपानी मोजले तर ते विनाकारण मागे पडलेलं दिसतं.

अगदी लहान वयात होइकुएनला जाणाऱ्या बाळांसाठी आवाजांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भाषाशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कूल यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. र आणि ल यांतला इंग्रजी फरक सहा ते आठ महिन्यांच्या जपानी आणि अमेरिकी बाळांना सारखाच ओळखू येत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत अमेरिकी बाळं त्यात वरचढ झाली आणि जपानी बाळं मागे पडली, कारण जपानीत तो फरक लागतच नाही. बाळाचे कान वर्षाच्या आतच आजूबाजूच्या भाषेपुरते घडायला लागतात. मराठी घराला यातून घ्यायचं ते असं की जपानीत ट आणि त, क आणि ख, ल आणि ळ असे भेद नाहीत. दिवसभर होइकुएनमध्ये असणाऱ्या बाळाला हे आवाज फक्त घरी भेटणार आहेत. कूल यांच्याच २००३च्या दुसऱ्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली गेली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांनी तिचे आवाज उचलले, त्याच माणसाचा व्हिडिओ बघणाऱ्यांनी उचलले नाहीत. त्यामुळे जपानला जायच्या तयारीसाठी बाळाला तासन्‌तास जपानी कार्टून लावून ठेवण्यात अर्थ नाही. तसंच, आजीची मराठी फोनवर ऐकवली म्हणजे झालं असंही नाही. फोनवर आजी समोरासमोर बोलते, प्रतिसाद देते, ते चांगलंच, पण रोजची भाषा घरातल्या माणसाने मुलाला कडेवर घेऊन बोलायला हवी.

टाळ्या, अंताक्षरी आणि उलटं अक्षर

लिहिणं-वाचणं शिकवत नाहीत म्हणजे त्याची पूर्वतयारी होत नाही असं नाही. ती खेळातून होते आणि फार हुशारीने होते. जपानी भाषा ठोक्यांवर चालते. आपण टोकियो म्हणतो ते शहर जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ असं चार ठोक्यांत बोलतो. "कित्ते" म्हणजे टपालाचं तिकीट, त्याला तीन टाळ्या: कि, मग एक रिकामा ठोका, मग ते. "किते" म्हणजे ये, त्याला दोनच. "ओजिसान" म्हणजे काका आणि "ओजीसान" म्हणजे आजोबा. एका ठोक्याने माणूस एक पिढी म्हातारा होतो. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे आपलं फारसं लक्ष नसतं, म्हणून मोठ्यांची इथे हमखास गल्लत होते. बालवाडीत शब्दागणिक टाळ्या वाजवण्याचे, उड्या मारण्याचे खेळ असतात. मुलाच्या अंगात ठोके भिनतात. हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं जवळजवळ एका ठोक्याला एक अशी असल्यामुळे पुढे वाचन सोपं जातं.

यातला सगळ्यात लाडका खेळ शिरितोरी. ही थेट आपली अंताक्षरी, फक्त गाण्यांऐवजी शब्दांची. रिंगो म्हणजे सफरचंद, त्याच्या "गो"वरून गोरिरा, त्याच्या "रा"वरून राप्पा म्हणजे पिपाणी, आणि "पा"वरून कोणी घाईत "पान" म्हणजे पाव म्हणालं की ते बाद, कारण नुसत्या "न्"ने सुरू होणारा शब्दच नसतो. शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने सुटं करता येणं ही वाचनाची पहिली पायरी आहे. ज्या मराठी घरात अंताक्षरी खेळतात तिथे मुलाला हे कौशल्य आधीच अवगत असतं. गाडीत, रांगेत, दवाखान्यात थांबताना मराठी शब्दांची शिरितोरी खेळून पाहा.

अक्षरओळख सुरू होते स्वतःच्या नावापासून. लहान वर्गात बऱ्याच ठिकाणी प्रत्येक मुलाला एक चित्र नेमून दिलेलं असतं. कुणाला ससा, कुणाला चेरी. चपलांच्या कप्प्यावर, टॉवेलच्या खुंटीवर, डब्यावर तेच चित्र. त्या चित्राशेजारी हिरागानात नाव. आधी मूल ससा ओळखतं, मग सशाशेजारचं पहिलं अक्षर, मग सगळं नाव. घरून आणलेल्या प्रत्येक वस्तूवर, मोज्याच्या जोडीतल्या प्रत्येक मोज्यावर नाव घालायचं हा नियम मराठी आईबापांना सुरुवातीला जाच वाटतो. पण मुलाला तेच पहिलं वाचनाचं पुस्तक ठरतं. पुढे मूल स्वतःहून लिहायला लागलं की "सा" आणि "ची" ही अक्षरं हमखास उलटसुलट होतात. ती एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. पाचव्या वर्षी अशी उलटी अक्षरं जपानी मुलंही लिहितात, काळजीचं कारण नाही.

रोजच्या वहीचा उपयोग

होइकुएनमध्ये, विशेषतः लहान वर्गांना, रेनराकुचो नावाची वही असते. आता पुष्कळ ठिकाणी तिचं ॲप झालंय. सकाळी पालकांनी लिहायचं: अंगात ताप किती, काल रात्री काय जेवलं, कधी झोपलं, कधी उठलं. संध्याकाळी शिक्षिका दोनचार ओळी लिहिते. आज वाळूत बोगदा केला. गाजर दुसऱ्यांदा मागून घेतलं. अमक्याचा हात धरून बागेत गेलं. परदेशी पालक या वहीकडे कामाची कटकट म्हणून पाहतात, फोनवरच्या भाषांतराने वाचतात आणि मिटून ठेवतात. मला विचाराल तर दोन भाषांत वाढणाऱ्या मुलासाठी अख्ख्या शाळेतली ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

कारण असं, की मुलाचा दिवस जपानीत गेलेला असतो. त्या दिवसाबद्दल बोलायला त्याच्याकडे मराठी शब्दच नसतात, म्हणून "आज काय केलंस शाळेत?" याला "काही नाही" हे उत्तर मिळतं. तुम्ही वही वाचून विचारलंत, "बोगदा केला म्हणे आज? कोसळला नाही? पाणी कुणी ओतलं?", की मूल खुलतं. अडेल तिथे जपानी शब्द घालेल, घालू दे. तुम्ही तेच वाक्य मराठीत पुरं करा: "अच्छा, वाळू ओली केली म्हणून कोसळला नाही." एकच अनुभव दोन्ही भाषांतून गेला. बोगदा, कोसळणं, ओली वाळू, "म्हणून" आणि "कारण" हे सगळं आता त्याच्याकडे दोनदा आहे. रोजची दहा मिनिटं. सकाळच्या तुमच्या रकान्यातही नुसतं "भात, भाजी" न लिहिता "काल गणपतीची आरती केली, टाळ वाजवला" असं लिहा, मोडक्या जपानीत का होईना. शिक्षिका दिवसभरात मुलाशी त्यावर बोलते, आणि मग मुलाचं घर जपानीत शाळेपर्यंत पोहोचतं.

पहिलीनंतरची खोल पाण्याची जागा

आता त्या खऱ्या काळजीकडे येऊ. तीन वर्षं बालवाडीत काढलेलं मूल पहिलीत जाताना जपानी मुलांसारखंच बोलतं. उच्चार तसेच, हावभाव तसेच. आईवडील निर्धास्त होतात, शिक्षकांनाही वाटतं की याला भाषेची अडचण नाही. आणि तिसरीच्या सुमाराला गाडी अडते.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. समोरासमोर बोलायची भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते. धडा समजून घ्यायला, कारण सांगायला, तुलना करायला लागणारी भाषा वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. खेळाच्या मैदानावर समोर वस्तू असतात, हातवारे असतात, आवाजाचा सूर असतो. धड्यात फक्त शब्द असतात.

पहिलीच्या गणितातलं एक उदाहरण पुरे. "चिगाउ!" हा शब्द मुलाने बालवाडीत हजारदा ऐकलेला असतो: चूक, असं नाही! गणिताच्या पुस्तकात प्रश्न येतो, "चिगाइ वा इकुत्सु?" दोन्हींमधला फरक किती? आठ मांजरं, पाच कुत्री, फरक किती. मुलाला वजाबाकी येते, शब्दही ओळखीचा आहे, तरी ते गोंधळतं, कारण त्याच्या लेखी तो शब्द "चूक" एवढाच. "आवासेते" म्हणजे मिळून, "नोकोरि" म्हणजे उरलेले, असे पुष्कळ शब्द आहेत. त्यात कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांची भर. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, आणि प्राथमिक शाळेची सहा वर्षं संपेपर्यंत १,०२६.

जपानने हे धडे महागात शिकलेत. १९९०मध्ये परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा बदलला आणि जपानी वंशाचे ब्राझील, पेरूमधले हजारो कामगार आइची, शिझुओका या कारखान्यांच्या भागांत आले. त्यांची कित्येक मुलं जपानी फडाफडा बोलायची पण जपानीतून शिकू शकत नव्हती, आणि तोवर पोर्तुगीजही मागे पडलेली. अनुभवातून आइची प्रांतात पहिलीत जाणाऱ्या परदेशी मुलांसाठी आधीचे काही महिने तयारीचे वर्ग सुरू झाले: हिरागाना, आकडे, शाळेतले नेहमीचे शब्द, वर्गात बसायची पद्धत. २०१४पासून वर्गातून थोडा वेळ वेगळं काढून जपानी शिकवण्याला अधिकृत अभ्यासक्रमाचा दर्जा मिळाला. शिक्षण मंत्रालयाच्या २०२३च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या सुमारे ६९ हजार मुलांना जपानीचं जादा शिक्षण लागतं असं दिसलं. यातल्या ११ हजारांहून अधिक मुलांचं नागरिकत्व जपानीच आहे.

परदेशी मुलांना शाळा सक्तीची नाही, त्यामुळे पहिलीत घालायचं तर पालिकेकडे अर्ज करणं आपलं काम. सरकारी शाळेला फी नाही, पाठ्यपुस्तकंही मोफत. पहिलीआधीच्या शरद ऋतूत शाळेत आरोग्य तपासणीला बोलावतात, तेव्हाच विचारून ठेवावं की या शाळेत जपानीचा वेगळा वर्ग आहे का, नसेल तर कोण येऊन शिकवतं. मूल छान बोलतं म्हणून ही मदत नाकारू नये.

पहिलीत रोजचा एक गृहपाठ असतो, ओन्दोकु. धडा मोठ्याने वाचायचा, घरच्यांनी ऐकायचा आणि कार्डावर सही करायची. जपानी न येणाऱ्या पालकांनी नुसती सही करून मोकळं होऊ नये. शेजारी बसून ऐका आणि मग म्हणा, "आता मला मराठीत सांग, काय झालं गोष्टीत?" मुलाला कळलंय की नुसतं वाचलंय, ते दोन वाक्यांत उघड होतं.

घरी कोणती भाषा?

मराठी. यावर मी ठाम आहे. आईवडिलांची जपानी कामचलाऊ असताना घरी जपानी सुरू केली तर मुलाला मिळते ती आदेशांची भाषा: खा, झोप, आवर. पाऊस का पडतो, आजोबा का रागावले, उद्या काय करायचं, हे बोलायला आईवडिलांना शब्द सुचतात ते मराठीत. कमिन्स यांचंच दुसरं म्हणणं असं की एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही. बाष्पीभवन घरी कुकरच्या झाकणावरच्या थेंबांवरून मराठीत समजलेल्या मुलाला शाळेत फक्त त्याचं जपानी नाव लागतं. मराठी आणि जपानीची ठेवणही बरीच जुळते. क्रियापद शेवटी, "ला", "हून", "पर्यंत" नामाच्या मागून, वर मोठ्यांशी बोलायची वेगळी रीत. मराठी पक्की असणं जपानीच्या आड येत नाही.

चार-पाच वर्षांचं झालं की मूल मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायला लागतं. जवळजवळ प्रत्येक घरात हे होतं. रागावू नका आणि स्वतः भाषा बदलूही नका. टोकियोच्या एदोगावा भागात, निशिकासाईच्या आसपास, २०००च्या सुमारापासून भारतीय कुटुंबं वसली. तिथे किंवा मंडळाच्या गणेशोत्सवात मराठी बोलणारी इतर मुलं भेटतात. मुलाला मुलाची मराठी ऐकायला मिळणं आईवडिलांच्या दहा उपदेशांपेक्षा कामाचं. देवनागरी पहिलीच्या आधी सुरू करा की नंतर, फारसा फरक पडत नाही. तिसरीपर्यंत मात्र थांबू नका, तेव्हा कांजीच्या ओझ्याखाली नव्या लिपीला जागा उरत नाही.

दोन-तीन वर्षांत परतायचं नक्की असेल तर पाच वर्षांपर्यंत जपानी बालवाडी आणि पुढे टोकियोतली भारतीय शाळा हा मार्ग बरीच घरं धरतात. अशा शाळा तिथे २००४ आणि २००६पासून आहेत. तो समजूतदार मार्ग आहे, पण एक गोष्ट माहीत असलेली बरी. लहान वयात आलेली भाषा वापर थांबला की झपाट्याने जाते. कोरियातून लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या माणसांवर २००३मध्ये झालेल्या अभ्यासात त्यांना मोठेपणी कोरियन वाक्यं ओळखूही आली नाहीत. पुण्याला परतलेलं साडेपाच वर्षांचं मूल वर्षभरात "काशिते" विसरलं तर नवल नाही. जपायचं असेल तर परतण्याआधी हिरागाना वाचता यायला हवी, आणि परतल्यावर घरात चित्रपुस्तकं हवीत. आपल्याकडचे जपानीचे क्लास मोठ्यांच्या परीक्षांसाठी असतात, सहा वर्षांच्या मुलाला तिथे बसवू नये. त्याच्या जुन्या वर्गमित्राशी आठवड्यातून एकदा व्हिडिओवर शिरितोरी खेळणं जास्त उपयोगी. आणि ते सुटलंच, तरी सगळं पुसलं जातं असं नाही: नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांवर २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठेपणी कोरियन आवाज शिकताना ही माणसं इतरांपेक्षा लवकर शिकली, अगदी बोलायला लागण्याआधीच देश सोडलेलीसुद्धा.